फोटोतली कुंडी

आमच्या दादाला फोटो काढता येत नाही, पण फोटोत कोणी कुठे उभं राहायचं हे त्याला जन्मापासून कळतं. निवृत्त होईपर्यंत सरकारी खात्यातली माणसं इकडची तिकडे केली, आता घरातली करतो. आईच्या वाढदिवसाला सगळ्या कुटुंबाने त्याच्या नव्या घरी जमायचं ठरलं, तेव्हा त्याचा पहिला निरोप जेवणाचा नव्हता, राहण्याचा नव्हता, फोटोचा होता. सगळ्यांनी फिकट निळे कपडे घालावेत. काळे चष्मे नकोत. फोटो कायम आठवणीत राहील असा झाला पाहिजे, मुद्दा एवढाच आहे. ‘मुद्दा एवढाच आहे’ हे त्याचं पालुपद. ते कानावर पडलं की समजायचं, आता कोणाची तरी मान सुरीखाली जाणार आहे.

मी तेव्हाच चिडले होते. मला राग पटकन येतो आणि सावकाश जातो. घरात मला कात्री म्हणतात ते काही नुसतं धंद्यामुळे नाही. बाबांचं फोटो फ्रेमचं दुकान मी चालवते. दिवसभर काच कापायची, पट्ट्या कापायच्या, खिळे ठोकायचे, आणि लोकांचे हसरे चेहरे काचेमागे बसवून द्यायचे. हसरे चेहरे बघून बघून माझ्या तोंडावरचं हसू केव्हाच संपलं असं दादाची बायको म्हणते. म्हणू दे.

आता कुंडीचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाबांच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, त्या वर्षी असेच सगळे जमले होते. होणाऱ्या काकूला कौतुकाने आजी आणि आजोबांच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. फोटो धुऊन आला आणि लग्न मोडलं. आजोबा म्हणाले, ती मुलगी माझ्या भिंतीवर नको. बाबांनी खूप डोकं चालवलं, पण तिला कापायचं तर एका बाजूने आजीचा हात जात होता, दुसऱ्या बाजूने आजोबांचा गुडघा. शेवटी त्यांनी कॅलेंडरमधली फुलांची कुंडी कापली आणि तिच्यावर चिकटवली. कुंडी तोकडी पडली. आजी-आजोबांच्या मधे खुर्चीवर कुंडी, आणि कुंडीखाली दोन पाय, सँडलसकट. तो फोटो अजून दुकानाच्या माळ्यावर आहे. लहानपणी आम्ही तिघं भावंडं तो बघून जमिनीवर लोळायचो.

तेव्हापासून बाबांचा नियम झाला. ज्याचा अजून भरवसा नाही त्याला कडेला उभं करायचं. पुढेमागे काही झालं तर कडेची पट्टी कापली, संपलं. अशा माणसाला आमच्या घरात कुंडी म्हणतात. होणारे जावई कुंडी, नवीन सुना पहिल्या फोटोपुरत्या कुंडी. दादाची बायको कुंडी झाली तेव्हा दोन दिवस फुगून बसली होती. आमच्या धाकट्या भावाची बायको मात्र वेगळी. तिला हा किस्सा सांगितल्यावर ती अंगणातली खरी कुंडी उचलून, छातीशी धरून कडेला उभी राहिली. बाबा इतके हसले की फोटो हलला. पुढच्या वेळी तिला त्यांनी स्वतः हाताला धरून आईच्या मागे उभं केलं. तिला सगळे धाकटीच म्हणतात.

धाकटा दोन वर्षांपूर्वी गेला. सकाळी डबा घेऊन कामाला गेला आणि दुपारी फोन आला. आई त्यांच्याकडेच राहायची. मी दुकानामागच्या एका खोलीत राहते, वर जायला शिडीसारखा जिना, आईला न्यायचं तर उचलूनच न्यावं लागेल. दादा म्हणाला, सध्या आईला हलवायला नको. त्याचं ते ‘सध्या’ दोन वर्षं चाललं. या दोन वर्षांत तो फोनवरून औषधं विचारायचा, डॉक्टर बदलायला सांगायचा, खिडकी उघडी ठेवा म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आला एकदाही नाही. धाकटी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला जाते. पण आमच्या घराने तिचं जेवढं रक्त काढलं तेवढं तिने कोणाचं काढलं नसेल.

आईचं डोकं आता विरलेल्या कापडासारखं झालंय. म्हणून धाकटीने एक रीत बसवलीय. सकाळी तोंड धुऊन, चहा घेऊन झाला की ती मागच्या वेळचा, बाबा गेल्यानंतर काढलेला कुटुंबाचा फोटो भिंतीवरून काढून आईच्या मांडीवर ठेवते. आईचं बोट मधून सुरू होतं. “ही मी.” मग शेजारी, “हा थोरला.” मग मागे, “हा धाकटा, ही धाकटी.” मग, “ही कात्री, बघ कशी रागाने बघतेय.” असं करत बोट कडेकडे सरकतं आणि मधेच कुठेतरी दमतं. कडेपर्यंत ते पोचतच नाही. त्यामुळे कडेची माणसं आईच्या डोक्यातून आधी गेली. मामेभाऊ गेला, त्याच्या शेजारची चुलतबहीण गेली. दोघं ठणठणीत आहेत, पण आईला विचारलं तर असं कोणी नव्हतंच.

हा काही पोरखेळ नाही, हे मला एकदा चांगलंच कळलं. फोटोची काच फुटली म्हणून धाकटीने तो माझ्याकडे दिला. रात्रभर दुकानात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोशिवाय ती आईला अंघोळीला घेऊन गेली आणि आईने तिच्या तोंडावर तांब्या मारला. “ही कोण बाई मला ओढतेय?” म्हणून आरडाओरडा. धाकटीचा फोन आला तशी मी काच न घालताच फोटो घेऊन धावत गेले. आईने बोट ठेवलं, “ही धाकटी,” मग मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अगं, तुझ्या कपाळाला काय लागलं?” धाकटी मोरीत बसून रडली आणि मग तिने अंघोळ घातली.

पण त्या फोटोत धाकटाही आहे. रोज बोट त्याच्यावर आलं की आई विचारते, “हा कुठाय? जेवायला नाही आला?” खोटं सांगितलं तर दिवसभर दाराकडे बघत बसते. खरं सांगितलं तर नव्याने रडते. आमच्या धाकट्याला त्या घरात रोज सकाळी मरावं लागतं, आणि ती बातमी सांगायची त्याच्या बायकोने. म्हणून धाकटीला नवीन फोटो हवा होता. आणि त्यात तिला एकच गोष्ट हवी होती. आईच्या मागे, मधे जागा.

त्यात दुसरी गोष्ट निघाली. धाकटी पुन्हा लग्न करतेय. गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा माणूस आहे, बायको बरीच वर्षं झाली जाऊन. मी त्याला बॅटरीवालाच म्हणते. लग्नाचं विचारायच्या आधी त्याने येऊन आईच्या मोरीत धरायला दांडी बसवून दिली. धाकटीची अट होती, सासूबाई माझ्याबरोबर येतील. तो म्हणाला, पुढच्या बाजूची खोली त्यांना द्या, उजेड चांगला आहे. मला इतका आनंद झाला की मी त्याला एक आरसा फुकट दिला. दादाला फोनवर सांगितलं तर तो नुसतं म्हणाला, “समजलं.” तेवढ्यावरच मी सावध व्हायला हवं होतं.

वाढदिवसाच्या दिवशी त्याच्या घरामागच्या हिरवळीवर सगळे जमले. निळेच निळे, जणू रंगाचा डबा सांडलाय. खुर्च्यांची रांग, मधे आई, अंगावर शाल. फोटोवाला स्टुलावर चढून उभा, घामाने निथळत होता बिचारा. दादा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून माणसं बसवत होता. स्वतःसाठी त्याने आईच्या खुर्चीशेजारची जागा धरली होती. धाकटी नेहमीप्रमाणे आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि आईची शाल सारखी करायला लागली.

“धाकटी, तू तिकडे,” दादा म्हणाला. “कडेला. त्या झाडाच्या बाजूला.”

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “दादा, मी आईंच्या मागे बरी आहे. त्यांना सवय आहे. फोटो त्यांच्यासाठीच लागणार आहे.”

“हा फोटो सगळ्यांच्या घरी लागणार आहे. आणि पुढच्या वर्षी तू दुसऱ्या घरची. मी वाईट अर्थाने बोलत नाही, तू चांगलं करतेयस. पण नियम बाबांचा आहे. मुद्दा एवढाच आहे.”

दादाची बायको हसून म्हणाली, “पुन्हा कुंडी झालीस गं.” आणि दोन-चार जण हसलेसुद्धा. धाकटी हसली नाही. तिने आईच्या खांद्यावरचा हात काढला आणि झाडाकडे चालत गेली. एका शब्दाने भांडली नाही, आणि मला आधी तिचाच राग आला. मग दादाचा आला तो असा की तळपायाची आग मस्तकात गेली.

मी माझी जागा सोडली आणि धाकटीच्या पलीकडे, अगदी टोकाला जाऊन उभी राहिले.

“तू का गेलीस तिकडे?” दादाने विचारलं.

“कडेला मी आहे आता. तिला कापायचं असेल तर आधी मला कापावं लागेल.”

“चारचौघांत तमाशा करू नकोस, कात्री.”

“मी कुठे तमाशा करतेय, मी तर फोटोला उभी आहे.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे. मग फोटोवाल्याला म्हणाला, “घ्या तुम्ही. दोघी कडेलाच आहेत, काही अडत नाही.”

शपथेवर सांगते, त्याने जरासुद्धा वेळ घेतला नाही. सख्खी बहीण. कागदावर सही करावी तसं बोलून मोकळा झाला. मग माझ्या तोंडाला काही धरबंद राहिला नाही. मी म्हटलं, “आई राहते कोणाकडे, सांग सगळ्यांना. तिला उठवतं कोण, धुतं कोण, रात्री चादर कोण बदलतं? दोन वर्षांत तू तिच्या उंबऱ्याला पाय लावलास? आयता येऊन मधे उभा राहतोस आणि जिने हाडाची काडं केली तिला झाडाशेजारी पाठवतोस. नाव मोठं आणि लक्षण खोटं. तुझ्या भिंतीवर तू एकटाच लाव, चांगला मोठा करून, फ्रेम मी फुकट देते.” आणखीही बोलले, ते आता नीट आठवत नाही. फोटोवाला स्टुलावरून खाली उतरला होता. दादाचा चेहरा लाल झाला होता, पण तो हलला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

आणि तेव्हा आईने मान वळवून त्या हाताकडे बघितलं. मग वर बघितलं.

“हा कोण?” तिने विचारलं.

दादा वाकला. “आई, मी.”

“मी म्हणजे कोण?”

“मी, थोरला.”

आईने त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. ती वेडी नाही, तिला फोटोतलं आठवतं. फोटोतल्या थोरल्याचे केस काळे आहेत आणि त्याला भरघोस मिशी आहे. हा पांढऱ्या केसांचा, गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस तिने पाहिलेलाच नव्हता. “थोरल्याला मिशी आहे,” ती म्हणाली, तेही रागाने नाही, समजावून सांगावं तसं. मग तिने फोटोवाल्याला हाक मारली. “अहो, जरा थांबा. यांना मधे कोणी उभं केलं? कुंडी आहे ती. कडेला उभं करा. मागे फार ताप झाला होता आमच्या ह्यांना.”

सगळं विसरली होती, नियम विसरली नव्हती. दादाने खुर्चीवरचा हात काढला आणि तो निघाला. सगळ्या रांगेसमोरून चालत, खाली मान घालून, आमच्या टोकाला आला आणि माझ्या पलीकडे उभा राहिला. चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. म्हटलं, घे, आता कळेल कडेला कसं वाटतं ते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

“धाकटे,” आई म्हणाली, “तू तिकडे काय करतेस? इकडे ये, माझ्यामागे.”

धाकटी गेली. जे हवं होतं ते मिळालं होतं, तेही आईच्या तोंडून, सगळ्यांदेखत. तिने आईची शाल सारखी केली, वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आई मान डोलवत राहिली. आणि मग ही बाई तिथून परत निघाली. माझ्यासमोरून गेली, दादाच्या समोरून गेली आणि त्याच्या पलीकडे, अगदी टोकाला जाऊन उभी राहिली.

मी मागून हात लांब करून तिचं मनगट धरलं. “वेड लागलंय का तुला? मधे जागा मिळाली ना? जा परत.”

“ताई, ते कडेला राहिले तर आईंच्या डोक्यातून महिन्याभरात जातील,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी बघितलंय कसं होतं ते.”

“जाऊ दे की.”

“आईंचा एक मुलगा गेलाय. दुसरा नको जायला.”

“आणि तू गेलीस तर? तांब्या विसरलीस का?”

“मी रोज समोर असते. आई मला शोधत कडेपर्यंत आल्या, तर शेजारी हेही सापडतील. बघू काय होतं ते.”

आमच्या दोघींच्या मधे दादा उभा होता. त्याने हे सगळं ऐकलं. धाकटीने त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूने उलटी झाली होती ती नीट केली आणि फोटोवाल्याला म्हणाली, “घ्या आता, आई दमल्यात.” फोटोवाल्याने फोटो घेतला. त्यात मी कशी दिसते ते सांगायला नको.

फोटो मोठा करून दुकानात आला तो मी टेबलावर उलटा घालून ठेवला. किती दिवस राग धुमसत राहिला. धाकटीचाही आला. देवमाणूस व्हायची एवढी काय घाई? आणि दादाला काय बोलायचं याची मी काच कापता कापता तयारी करत होते. वाक्यं इतकी धारदार झाली होती की एखादं फुकट जाईल याचीच काळजी वाटायची.

एका दुपारी तो आला. बाबा गेल्यापासून त्याने दुकानात पाय ठेवला नव्हता. दारात उभा राहून पट्ट्यांचे नमुने बघितले, काचा बघितल्या. दाढी केलेली होती, पण ओठावर पांढरे खुंट वाढले होते. आधी मला वाटलं, वस्तरा फिरवायचा राहिला असेल. मग कळलं, तो मिशी वाढवतोय. तयार ठेवलेल्या वाक्यांपैकी पहिलं माझ्या तोंडातच राहिलं.

“बघू फोटो,” तो म्हणाला. मी सुलटा केला. त्याने कडेवर बोट ठेवलं. “फ्रेममध्ये कडेचं किती जातं?”

“पट्टीला आतून खाच असते. फोटोचा काठ त्या खाचेत बसतो. बोटभर जातो.”

“म्हणजे कोण?”

“तू नाहीस, घाबरू नकोस. धाकटीचा एक खांदा जाईल आणि कान.”

त्याने बोट उचललं. “नको,” म्हणाला.

“काय नको?”

“तिचं काही झाकू नकोस.”

“हे तुला आज सुचतंय?” मी म्हटलं, आणि आवाज चढलाच माझा. “त्या दिवशी अख्खी धाकटी कापायला निघाला होतास, मलासुद्धा. तेव्हा हात थरथरला नाही, आज कानासाठी जीव तुटतोय तुझा? अरे, तिने आईच्या मागची जागा सोडली तुझ्यासाठी. तिला ती का हवी होती, ठाऊक आहे का तुला? आई रोज सकाळी फोटोवर बोट ठेवून माणसं ओळखते. बोट कडेपर्यंत पोचत नाही. न पोचलेलं माणूस आईला परकं. उद्या धाकटीला ओळखलं नाही तर आईला अंघोळ कोण घालणार, तुझं खातं?”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तू आला असतास तर न सांगता दिसलं असतं.”

तो जवळच्या स्टुलावर बसला. “मागे मोठा पुठ्ठा लावून काठ वाढवता येत नाही का? म्हणजे खाचेत पुठ्ठा जाईल आणि फोटो सगळा दिसेल.”

ते मी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. पुठ्ठा मागच्या फळीवर वाळत होता. पण त्याला सांगितलं नाही. “बघते,” म्हटलं, “जमलं तर.” जरा तळमळू दे, म्हटलं.

“बॅटरीवाल्याच्या घरातली भिंत कशी आहे?” त्याने विचारलं.

“आहे भिंतीसारखी. उजेड चांगला आहे.”

“आणि हे सकाळी किती वाजता असतं?”

“आई उठेल तेव्हा. तिचं वेळापत्रक तुझ्या खात्यातून येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रेम घेऊन धाकटीकडे गेले तर हा आधीच तिथे. बाहेर चपला काढून, हात धुऊन, आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलेला. धाकटीने फ्रेम माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि आईच्या मांडीवर ठेवली. मी मनात दिवस मोजत होते, कडेची धाकटी किती दिवस टिकेल.

आईने बोट उचललं. ते मधे गेलंच नाही. स्वतःला तिने बघितलंसुद्धा नाही. बोट फोटोवरून सरळ फिरत फिरत कडेला गेलं, अगदी टोकाला, जिथे माझ्या पट्टीने काही झाकलं नव्हतं. “ही माझी धाकटी,” ती म्हणाली. “इतकी लांब का उभी केलीय हिला?”

धाकटीने डोळे पुसले, तेही चटकन, कोणाला दिसणार नाही असे. मला दिसले.

बोट एक माणूस अलीकडे सरकलं. दादा जमिनीवर गुडघे धरून बसला होता.

“आणि हा हो, आई?” धाकटीने विचारलं.

“हा,” आई म्हणाली. बोट त्याच्या चेहऱ्यावरच राहिलं. “हा धाकटीच्या शेजारचा.”

“नाव काय त्याचं?”

आईने फोटोकडे बघितलं, मग खाली बसलेल्या दादाकडे, त्याच्या ओठावरच्या पांढऱ्या खुंटांकडे. “आठवेल,” ती म्हणाली. “पण माणूस चांगला असणार. कडेला उभं केलं तरी काही बोलला नाही.”

दादाने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. त्याचे खांदे हलत होते. धाकटीने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि ती आईचा टॉवेल आणायला गेली. मला त्याला अजून पुष्कळ बोलायचं होतं. दोन वर्षांचं साठलं होतं, काही उरलेली धारदार वाक्यंही होती. पण समोर असा माणूस बसला असेल तर बोलायचं कुठून, आणि याचाही मला रागच आला.

“उद्या येऊ का?” त्याने टॉवेल घेऊन आलेल्या धाकटीला विचारलं. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

“उद्या लवकर ये,” मी म्हटलं. “अंघोळीचं पाणी तुलाच काढायचंय.”